सनरूफ अर्ध्यात अडकलाय आणि पाऊस तोंडावर आहे: आधी काय करायचं, मग काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रविवारी ताम्हिणीहून परत येताना मुळशी धरणापाशी सनरूफ उघडला. पौडच्या आसपास भुरभुर सुरू झाली म्हणून बटण दाबलं, तर काच निम्म्यापर्यंत पुढे आली आणि आपोआप मागे गेली. तेव्हापासून दर वेळी तेच होतंय. बाणेरला सोसायटीत तुमचं पार्किंग उघड्यावर आहे. सर्व्हिस सेंटरने गाडी न बघता फोनवरच 'पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, गुरुवारी गाडी आणा' असं सांगितलं. तुम्ही विचारताय की असेंब्ली, म्हणजे सनरूफचा अख्खा संच, खरंच बदलावी लागेल का आणि इन्शुरन्समधून काही मिळेल का.

मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की सनरूफच्या तक्रारी सुरू होतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून सांगतो, असेंब्लीवर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा. पण आज रात्री तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे गाडीत पाणी जाऊ न देणं आणि दुसरं म्हणजे बिघाड शोधणं. लोक दोन्हीची सरमिसळ करतात, घाईत बटण दाबत राहतात आणि साफसफाईवर भागणारं काम केबल बदलण्यापर्यंत नेतात. म्हणून पहिली विनंती ही की बटण दाबणं आत्ता थांबवा.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमचा साधा एका काचेचा सनरूफ आहे की पॅनोरॅमिक, म्हणजे छताचा बराचसा भाग व्यापणारा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पॅनोरॅमिकमध्ये बहुतेक वेळा पुढची काच सरकते, मागची पक्की असते, आणि आतल्या पडद्याला वेगळी मोटर असू शकते. गाडी वॉरंटीत आहे का, हेही महत्त्वाचं. असेल तर एकही स्क्रू स्वतः सोडू नका. बाहेरून पुसणं, बटण, रीसेट, झाकणं एवढ्यावरच थांबा.

आता तुमच्या काचेबद्दल. ती पुढे येते आणि परत मागे जाते, याचा अर्थ मोटर चालू आहे, फ्यूज शाबूत आहे, बटण आणि वायरिंग काम करतंय. मागे जाणं हा बिघाड नसून सुरक्षेची सोय आहे. मोटरला जोडलेल्या कंट्रोल युनिटमध्ये फिरण्याची गती मोजणारा सेन्सर असतो. काच बंद होताना गती अपेक्षेपेक्षा कमी झाली की युनिट समजतं, मध्ये कुणाचा तरी हात आला, आणि काच मागे घेतं. लहान मुलांची बोटं यामुळे वाचतात. पण अडथळा हाताचा आहे की खडीचा, की वाळून कडक झालेल्या रबराचा, हे त्याला कळत नाही. त्यामुळे आपल्याला शोधायचं ते एवढंच की काचेला जास्त जोर का लागतोय.

इथे एक निरीक्षण फार कामाला येतं. काच दर वेळी त्याच जागेवरून परत फिरते का? तशी फिरत असेल, तर त्या जागी काहीतरी आहे: रेलमध्ये, म्हणजे काच ज्या खाचांतून सरकते त्यांत, अडकलेला कचरा, खडी किंवा मोडलेला प्लास्टिकचा तुकडा. कधी इथून, कधी तिथून परत फिरत असेल, तर बॅटरीचा व्होल्टेज कमी पडतोय किंवा युनिट काचेची नेमकी स्थिती विसरलंय. आणि अगदी बंद होता होता, शेवटच्या दोन बोटांवर परत फिरत असेल, तर पुढचं रबर किंवा वारा अडवणारी पट्टी बघायची. सनरूफ उघडल्यावर पुढच्या कडेला जी पट्टी किंवा जाळी वर येते ती ही. काच बंद होताना तिचे हात दाबून तिला खाली बसवते. एखादा हात स्प्रिंगमधून सुटला किंवा जाळी पिळवटली की काच तिच्यावर येऊन अडते. तुम्ही 'निम्म्यापर्यंत' आणि 'दर वेळी' असं लिहिलंय, म्हणून माझा पहिला अंदाज रेलमधल्या कचऱ्याचा आहे.

सिंहगड रोडवरची एक गाडी अगदी याच तक्रारीने माझ्याकडे आली होती. सोसायटीतल्या सोनमोहराखाली उभी असायची. मे महिन्यात त्या झाडाच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो, आणि सनरूफ उघडला की काचेवरच्या पाकळ्या कडेने थेट रेलमध्ये जातात. त्यात मालकांनी काच कुरकुरते म्हणून रेलमध्ये तेल मारलं होतं. टॉर्च मारून बघितलं तर डाव्या रेलमध्ये तेल, बांधकामाची धूळ आणि पाकळ्या यांचा काळा चिकट थर बसला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काडीला सुती कापड गुंडाळून तो हळूहळू खरवडला, तेव्हा त्यात रुतलेली दोन-तीन मिलिमीटरची खडीची कपची निघाली. काच ज्या जागेवरून परत फिरायची, बरोबर तिथेच. रेल पुसली, योग्य ग्रीसचा पातळ हात दिला, रीसेट केलं, आणि काच बंद झाली. त्या गाडीलाही आधी असेंब्लीच सांगितली होती.

तुम्ही आज हे एवढं करू शकता. गाडी कोरड्या जागी घ्या आणि काच पूर्ण मागे नेऊन इग्निशन बंद करा. दोन्ही बाजूंच्या रेल टॉर्चने बघा. मऊ ब्रशने सुटा कचरा पुढच्या बाजूने वर काढा. कोपऱ्यांकडे ढकलू नका, कारण तिथे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं असतात. चिकट थर असेल तर ओल्या कापडाने पुसा. रबरावरून बोट फिरवा. ते कोरडं, खरखरीत लागलं तर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. स्क्रू-ड्रायव्हरने काही खरवडू नका. रेल ॲल्युमिनियमची असते आणि तिला पडलेला ओरखडा पुढचा बिघाड ठरतो. तेल, गंज सोडवणारे स्प्रे, चाकाचं ग्रीस यांतलं काहीही मारू नका.

मग इंजिन चालू करा. हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या बॅटरीवर नुसत्या इग्निशनमध्ये मोटरला पुरता व्होल्टेज मिळत नाही आणि गती कमी झाली की युनिट पुन्हा तोच गैरसमज करून घेतं. एसीचा पंखा आणि हेडलाइट बंद ठेवा. बटण बंद करण्याच्या दिशेने दाबा. काच परत फिरली, तर लगेच पुन्हा दाबून धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत दोन-तीनदा परत फिरल्यानंतर बटण धरून ठेवलं की काच सुरक्षेची सोय बाजूला ठेवून बंद होते. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये 'सनरूफ' या प्रकरणात दिलेली असते, ती वाचूनच करा. हे करताना काचेजवळ कुणाचा हात नको, गाडीत लहान मूल नको. त्या क्षणी काच बोट बघून थांबणार नाही.

अशी बंद झाली तर दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा उघडू नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, बटणावर चिकटपट्टी लावा.

रीसेटबद्दल नेटवर सगळेच सांगतात, पण क्रम चुकतो. बॅटरी काढली, उतरली किंवा फ्यूज गेला तर युनिट काचेची स्थिती विसरतं आणि एका दाबात बंद होणारी काच तुकड्या-तुकड्याने सरकते. ह्युंदाई आणि किया गाड्यांत साधारण पद्धत अशी आहे: इंजिन चालू, काच बंद, बटण बंदच्या दिशेने सुमारे १० सेकंद धरायचं, काच किंचित हलली की सोडायचं, आणि लगेच तीन सेकंदांच्या आत पुन्हा धरून ठेवायचं. काच स्वतःहून उघडते, परत बंद होते. ही फेरी पूर्ण होईपर्यंत बोट उचलायचं नाही. मध्येच सोडलं तर पहिल्यापासून. बाकी कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण रेल साफ केल्याशिवाय रीसेट करू नका. अनेक गाड्यांत या फेरीत युनिट काच सरकायला कुठे किती जोर लागतो याचीही नोंद करून घेतं. कचरा तसाच ठेवून रीसेट केलं तर तो जोर त्याला नेहमीचा वाटायला लागतो.

आता एक गोष्ट नीट बघा, कारण इथून पुढचा सगळा रस्ता बदलतो. काच दोन्ही बाजूंना सारखी आहे का? गाडीबाहेर उभं राहून पुढच्या कडेपासून डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर मोजा. काचेला मोटर थेट ढकलत नाही. मोटरच्या दातेरी चक्राला दोन जाड, दातेदार केबल लागलेल्या असतात, एक डाव्या रेलमध्ये आणि एक उजव्या. दोन्ही सारख्या सरकल्या तरच काच सरळ चालते. कपाटाचा रुंद ड्रॉवर एकाच बाजूने ओढला की जसा तिरका होऊन रुततो, तसंच एका केबलने दात सोडला की काचेचं होतं. दोन बाजूंत सेंटिमीटरभर जरी फरक दिसला किंवा बटण दाबल्यावर 'कट्-कट्' असा दात सुटल्यासारखा आवाज आला, तर थांबा. वर सांगितलेलं धरून ठेवण्याचं तंत्र अजिबात वापरू नका. तिरक्या काचेवर जोर लावला की रेलमधले प्लास्टिकचे सरकते तुकडे मोडतात, आणि मग खरोखर फ्रेम, म्हणजे रेल असलेला अख्खा सांगाडा, बदलावी लागते. हाताने काच दाबून बघायचा मोहही टाळा.

काहीच आवाज येत नसेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तसं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल म्हणून लिहितो. आधी फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर सनरूफचा फ्यूज दाखवलेला असतो. गेलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच गेला तर पुढे प्रयोग नको. फ्यूज ठीक असेल तर बटण, वायर, मोटर. जुन्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या छतदिव्याचं कव्हर काढलं की मोटरच्या तळाला षटकोनी खाच दिसते. त्यात ॲलन की घालून, काही गाड्यांत ती थोडी वर दाबून, काच हाताने फिरवून बंद करता येते. ही की कधीकधी टूलकिटमध्येच असते. नव्या गाड्यांत ही सोय बहुतेक काढून टाकलीय. तिथे मोटर सोडवावी लागते, आणि छताचं कापड ओढायची वेळ आली तर ते घरी करू नका. बऱ्याच गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना कर्टन एअरबॅग असतात.

एवढं करूनही काच बंद झाली नाही, तर झाकण्याकडे वळा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे छप्पर. सोसायटीच्या तळमजल्यावर कुणाचं पार्किंग रिकामं असेल तर तीन-चार रात्रींसाठी मागून घ्या. लोक देतात. ते नाही जमलं तर जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री आणा, पुढच्या काचेच्या मध्यापासून मागच्या काचेपर्यंत पोचेल एवढी मोठी. छप्पर आधी कोरडं पुसा. कडा दाराच्या आत घेऊन दार लावायची पद्धत सर्रास आहे, पण त्या सुरकुत्यांतून पाणी सीटवर ओघळतं. कडा दारांच्या बाहेरून खाली सोडा आणि दोरीने चाकांना बांधा. त्यावरून गाडीचं नेहमीचं कव्हर घाला. नुसतं कव्हर पुरत नाही, बहुतेक कव्हरं जोरदार पावसात झिरपतात. चिकटवायचंच असेल तर पेंटर वापरतात ती मास्किंग टेप घ्या. खोकी बंद करायची तपकिरी टेप उन्हात रंगावर गोंद सोडते.

असं झाकून गाडी चालवायची नाही. काच अर्धी उघडी असताना हायवेला लागायचं तर अजिबात नाही. चांदणी चौकातून खाली उतरताना आत शिरणारा वारा सैल काचेला खालून उचलतो. सर्व्हिस सेंटरला आतल्या रस्त्याने, हळू न्या, किंवा रोडसाइड असिस्टन्स असेल तर टोइंग मागवा.

पाणी आधीच आत गेलं असेल, तर मॅटखालच्या कार्पेटला हात लावून बघा. वरून कोरडं लागतं, पण खालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि बऱ्याच गाड्यांत सीटखाली किंवा पायाशी कंट्रोल युनिट आणि कनेक्टर असतात. कार्पेट उचलून, पाणी टिपून, दारं उघडी ठेवून वाळवा. छतदिव्याचं पॅनेल भिजलं असेल तर ते वाळेपर्यंत तिथली बटणं दाबू नका.

इन्शुरन्सचा विषय तुम्ही काढलाच आहे. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटर पॉलिसीत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड आणि झीज धरत नाहीत. त्यामुळे नुसती मोटर गेली किंवा केबल झिजली तर क्लेम बसत नाही. फांदी पडून काच फुटली तर बसतो. काचेवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर तीही कपात होत नाही. पाण्याने आतलं नुकसान झालं असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. निर्णय पॉलिसीतल्या अटी आणि सर्व्हेअर यांच्यावर आहे.

आता गुरुवारची भेट. जाण्याआधी काच परत फिरतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. गाडी वर्कशॉपमध्ये गेली की शहाण्यासारखी वागते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तिथे तीन गोष्टी स्पष्ट मागा. स्कॅनर लावून आलेला फॉल्ट कोड, रेल आणि केबल उघडून बघितल्याची नोंद, आणि नेमका कुठला भाग खराब आहे याचं लेखी उत्तर. बहुतेक सनरूफ वेबास्टो, इनाल्फा यांसारख्या कंपन्या बनवून गाडी कंपन्यांना पुरवतात. काच, मोटर, रबर, वाऱ्याची पट्टी हे भाग बऱ्याच मॉडेलना सुटे मिळतात. केबल मात्र अनेकदा फ्रेमसकटच येते. त्यामुळे केबलचे दात गेले असतील, रेल वाकली असेल किंवा सरकते तुकडे मोडले असतील आणि कंपनी ते सुटे देत नसेल, तर असेंब्लीचा खर्च खरा आहे, तो करावा लागतो. सनरूफमधून अंग बाहेर काढून उभं राहायची मुलांना सवय असलेल्या गाड्यांत हे मी जास्त बघतो. पाय सीटवर, कोपरं पट्टीवर, आणि ब्रेक लागला की सगळा भार रेलच्या कडेवर येतो. गाडीचं सोडाच, त्या मुलाच्या मानेचा विचार करून हे बंद करा.

नाना पेठेतल्या जुन्या भागांच्या बाजारातून फ्रेम आणून बसवू का, असंही लोक विचारतात. मोटर जुनी चालते. फ्रेम मी घेत नाही. ती ज्या गाडीतून निघाली तिला अपघात झाला असेल तर फ्रेमला डोळ्यांना न दिसणारा पीळ असतो आणि काच पुन्हा तिरकी चालते.

दुरुस्तीच्या वेळी चारही कोपऱ्यांच्या नळ्याही तपासून घ्या. सनरूफ पूर्ण बंद असला तरी रबराच्या कडेने थोडं पाणी आत येतंच. ते खालच्या पन्हळीतून या नळ्यांनी गाडीखाली जावं अशीच रचना असते. कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओतून ते चाकाजवळ खाली पडतं का बघायचं. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी घालून मोकळी करायची. तार घातली की नळीला भोक पडतं, आणि कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली की नळी वरच्या तोंडातून निसटते. मग पाणी थेट छताच्या कापडात.

आणि गुरुवारी भाग मागवायला लागले, यायला दहा-पंधरा दिवस लागतील असं कळलं, तर गाडी तशीच उघडी परत आणू नका. 'मोटर उतरवून काच हाताने बंद करून द्या' असं सांगा. काच सरळ असेल तर माहीतगार माणसाला हे भाग न येताही करता येतं. नंतर मोटरचा प्लग काढून ठेवायला सांगा, म्हणजे घरात कुणी चुकून बटण दाबलं तरी काच हलणार नाही.